पळनिवेलची सायकल

कीर्तना: सीटचं प्लास्टिक काढू नका मामा. राहू दे तसंच, नवं.

सांबशिव: घसरतंय ते. पहिल्यांदा सायकलवर बसतीयेस. घसरलीस तर तुझे अप्पा माझ्या दुकानाला कुलूप लावतील.

वेंकटराव: थट्टा पुरे, सांबशिव. नीट धरलीस की?

सांबशिव: धरलीय, राव. दोन्ही हातांनी मागचा कॅरियर धरलाय. कीर्तनम्मा, पायाला बांधलेल्या लोखंडी क्यालिपरचं गुडघ्याजवळचं कुलूप काढलंस?

कीर्तना: काढलं. गुडघा वाकतोय आता. डावा पाय पेडलवर ठेवायला मात्र हातानं उचलावा लागेल. हा ठेवला. आता?

सांबशिव: आता उजव्यानं दाब. दाब, भिऊ नको. हां... गेली बघ! आता डाव्यानं.

कीर्तना: नाही होत.

सांबशिव: डावं पेडल वर आलंय. ते खाली ढकल, की झालं.

कीर्तना: कशानं ढकलू, मामा? दोन वर्षांची असताना पोलियो झाला, तेव्हापासून त्या पायात ढकलायला काही नाही.

सांबशिव: सरी, बरं. परत एकदा. मी मागनं रेटतो, तू नुसतं हॅन्डल सांभाळ. जातेय की नाही?

कीर्तना: जातेय. पण पाय जिथल्या तिथं आहेत. तुम्ही थांबलात की सायकलही थांबते. माझी नेमणूक झालीय त्या शाळेच्या गावाला बस जात नाही मामा. ओरत्तनाडूच्या पुढं फाट्यावर उतरायचं, तिथून साडेतीन किलोमीटर कालव्याचा रस्ता. तुम्ही रोज रेटायला येणार की?

वेंकटराव: मज वाटलंच होतं, जमणार नाही. उतर, बाई, उतर. ऊन लागतंय. सांबशिव, तिला ती खुर्ची दे.

कीर्तना: खुर्ची नको. थोडा वेळ बसू दे हिच्यावरच.

वेंकटराव: बसून काय होणार?

कीर्तना: काही नाही. निळी आहे म्हणून. दोन वर्षं शिकवण्या घेऊन चौदाशे रुपये साठवले, अप्पा. तेव्हापासून मनात होतं, घेईन तर नवी आणि निळी. आजवर मला सगळं दुसऱ्याचं मिळालं. पुस्तकं शेजारच्या सतीशची. नेसायचं पावाडैही आत्याच्या मुलीचं. हा क्यालिपरसुद्धा मिशनच्या दवाखान्यात दुसऱ्या कुणा मुलीचा होता, तो कापून माझ्या मापाचा केला. आतल्या चामड्यावर अजून त्या मुलीच्या नावाची अक्षरं आहेत.

वेंकटराव: तर मग पैसे ठेव. चांगली रेशमी साडी घे, नवी कोरी. शाळेत मी सोडलं, कॉलेजात मी सोडलं. सोळा वर्षं माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसलीस. एक दिवस तरी तुज उशीर झाला की?

कीर्तना: ते तंजावरात. आता चोवीस किलोमीटर बस, मग कालवा. तुम्ही एकसष्ट वर्षांचे.

वेंकटराव: त्याची गरजच पडणार नाही.

कीर्तना: म्हणजे?

वेंकटराव: म्हणजे होईल काहीतरी. काळजी करू नको.

सांबशिव: काळजी कशाला? अर्ज दिलाय की राव. टायपिंगवाल्या प्राणेशानं टाइप केला तेव्हा मी तिथंच होतो. इंग्रजीत कसं लिहावं म्हणून दोघं अर्धा तास...

कीर्तना: कुठला अर्ज?

सांबशिव: अय्यो. मी जरा ते पंक्चर बघतो.

कीर्तना: मामा, तुम्ही थांबा, सायकल सोडू नका, मी पडेन. अप्पा, कुठला अर्ज?

वेंकटराव: शिक्षणाच्या कचेरीत दिला. परवा. मुलीचा पाय असा आहे, त्या गावापर्यंत रोज जाणं तिला अशक्य आहे, सबब शहरातल्या शाळेत जागा द्यावी, म्हणून लिहिलं. त्यात वाईट काय?

कीर्तना: सही?

वेंकटराव: माझी. बाप म्हणून.

कीर्तना: सुप्रभा आठवते? माझ्याबरोबर ट्रेनिंगला होती. तिच्या डोळ्यांबद्दल तिच्या अण्णानं असाच अर्ज दिला होता. त्यांनी तिला मेडिकल बोर्डाकडे पाठवलं आणि नेमणूक थांबवली. दोन वर्षं झाली. घरी बसून अप्पळाम-पापड लाटते ती.

वेंकटराव: मज काय ठाऊक असं होतं म्हणून!

कीर्तना: तीस वर्षं तुम्ही तालुका कचेरीत कागदच हलवलेत, अप्पा. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

सांबशिव: राव, बसा तुम्ही. ती खुर्ची तुम्हीच घ्या.

वेंकटराव: ठाऊक होतं. असंही होऊ शकतं, ते ठाऊक होतं.

कीर्तना: मग आज 'चल, सायकल बघून येऊ' म्हणून तुम्हीच का म्हणालात? सकाळपासून किती आनंदात होते मी. अम्माला सांगितलं, अप्पांनी आपणहून विचारलं म्हणून.

वेंकटराव: वाटलं, स्वतः एकदा बसून पाहशील. मग माझ्या तोंडून 'नको' ऐकावं लागणार नाही.

कीर्तना: मी पडावं म्हणून आणलंत.

वेंकटराव: पडू नयेस म्हणून, बाई! त्या कालव्याला कठडा नाही. मी जाऊन पाहून आलोय. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भाताचा चिखल. तू तिथं पडलीस तर हाक ऐकायला माणूस नाही.

कीर्तना: तुम्ही जाऊन आलात?

वेंकटराव: ज्या दिवशी ऑर्डर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

सांबशिव: दोघांनी जरा माझं ऐका. मघापासून एक गोष्ट डोक्यात फिरतेय. कीर्तनम्मा, तू काय म्हणालीस? सायकल जाते आणि पाय जिथल्या तिथं.

कीर्तना: मग?

सांबशिव: ते फ्रीवीलमुळं. आपण पाय थांबवले तरी चाक सुटं फिरत राहतं. दोन्ही पाय चांगले असले तर सुखाचं आहे. पण माझ्याकडे एक सायकल पडलीय, तिला फ्रीवीलच नाही. मागचं चाक फिरलं की पेडल फिरणारच. थांबव म्हटलं तरी थांबत नाही. उजव्यानं एक जोर दिलास की पुढचं ती बघते. तुझा डावा पाय ती आपणच वर नेईल, पुढं आणील, खाली सोडील.

कीर्तना: कुठे आहे?

सांबशिव: मागं, गोणपाटाखाली. पळनिवेलची.

वेंकटराव: कोण पळनिवेल? चौकात गोल गोल सायकल चालवून पैसे मागायचा, तो?

सांबशिव: तोच, राव. तीन तीन दिवस खाली उतरायचा नाही. सायकलवरच दात घासायचा, अंघोळ करायचा, सीटवर उभा राहून इडली खायचा. मागं मागंही चालवायचा, म्हणून तर फ्रीवील नाही. फ्रेमचा मधला दांडाही काढलाय, त्यातून शिरून दुसऱ्या बाजूनं निघायचा खेळ होता त्याचा. साडी नेसून बसायला बरंच की.

कीर्तना: आता तो कुठे आहे?

सांबशिव: तिरुप्पूरला. बनियनच्या कंपनीत. गावोगाव केबल टीव्ही आला, कोण येणार त्याला बघायला? शेवटच्या खेळात तिसऱ्या दिवशी सकाळी समोर दोन बकऱ्या होत्या, असं तोच सांगायचा. माझ्याकडे सायकल ठेवून गेला. चारशे येतील तर दे म्हणाला, पण सुटी करून विकू नको म्हणाला.

वेंकटराव: नको. सांबशिव, नको. मी स्पष्ट सांगतो. माझ्या मुलीकडे रस्त्यावर लोक आधीच वळून बघतात. तमाशाची सायकल देऊन तिला गावभर फिरवू की काय मी? नवी घ्यायची तर नवी घेईन, पैसे कमी पडले तर भर घालीन. ती नको.

कीर्तना: मामा, काढा ती.

सांबशिव: राव?

कीर्तना: त्यांना विचारू नका. बसणार मी आहे.

सांबशिव: सरी. उतर अम्मा, निळी इथं टेकवतो. ...ही बघ. धूळ आहे, पण चाक सरळ आहे.

कीर्तना: शी. काय रंग हा! लाल, वर पिवळ्या चांदण्या. आणि हे काय, आरसे चिकटवलेत?

सांबशिव: सहा होते, चार राहिले.

कीर्तना: हिचं चाक त्या निळीला नाही बसणार?

सांबशिव: बसवू शकतो. पण मग दोन्ही घ्याव्या लागतील, आणि तुझ्याकडे चौदाशेच. निळीच्याच चाकावर फ्रीवील काढून दुसरी दातेरी चकती बसवली, तर थांबताना उलटा जोर आला की ती सुटेल. हिला मागनं घट्ट आवळायची कडी आहे. मी खोटं सांगून तुला निळी विकू शकलो असतो, अम्मा. पैसे जास्त मिळाले असते.

कीर्तना: धरा. बसते.

सांबशिव: डावा पाय ठेव. थांब, त्यावर हे ट्यूबचं रबर अडकवतो, म्हणजे पाय निसटायचा नाही. आता उजव्यानं. मी नुसता धरतो, रेटत नाही.

कीर्तना: अय्यो!

वेंकटराव: काय झालं? लागलं की? सांबशिव, थांब!

कीर्तना: नाही, नाही, थांबू नका! अप्पा, पाय फिरतोय.

सांबशिव: उजवा जोर सोडू नको.

कीर्तना: डावा फिरतोय, अप्पा! मी काही करत नाहीये, आणि फिरतोय तो. वर आला. आता खाली. परत वर आला!

सांबशिव: बघताय की, राव?

वेंकटराव: बघतोय.

कीर्तना: मामा, हीच. चांदण्या खरवडून निळा रंग देता येईल?

सांबशिव: रंग वाळायला चार दिवस, आणि तुज शिकायला सातच आहेत. सोमवारी हजर व्हायचंय ना? उद्या सहाला मैदानावर ये. रंग दिवाळीला देऊ.

कीर्तना: दोन हॅन्डब्रेक लावा. नवे लावा, मामा. तेवढं तरी नवं.

वेंकटराव: कीर्तना, अर्जाचं...

कीर्तना: आता नको, अप्पा. आता मी तुमच्याशी बोलले तर वाईट बोलेन.

(पाच दिवसांनी, शनिवारी सकाळी, मैदानावर.)

सांबशिव: वळताना पाय थांबवू नको! थांबवलास की पेडल झटका देणार!

कीर्तना: मी थांबवला नाही, तो... आई ग!

सांबशिव: बघू. लागलं?

कीर्तना: कोपर. कालच्यावरच परत. रबरातून पाय सुटला, ते बरं झालं.

सांबशिव: म्हणून तर रबर. चामड्याचा पट्टा असता तर सायकल अंगावर घेऊन पडली असतीस. उठ. पळनिवेलचा पहिल्या महिन्यात दात पडला होता.

कीर्तना: तुम्ही रोज त्याचं एक नवीन सांगता.

वेंकटराव: उजवीकडे वळतानाच पडतेस. डावीकडे नाही.

कीर्तना: अप्पा? कधी आलात?

वेंकटराव: उजव्या पायावर पूर्ण जोर असतो, नेमकं तेव्हाच हॅन्डल उजवीकडे फिरवतेस. सगळं वजन एकीकडे जातं. पाय वर आल्यावर वळव. मग दाब.

कीर्तना: एकदा बघून हे कसं कळलं तुम्हाला?

वेंकटराव: एकदा कुठे? बुधवारी आलो होतो. गुरुवारीही.

कीर्तना: कुठे होतात? मला दिसला नाहीत.

वेंकटराव: त्या चिंचेमागे. बुधवारी तू पहिल्यांदा पडलीस तेव्हा मी धावत निघालो होतो. या सांबशिवानं लांबूनच हात वर केला.

सांबशिव: सांगू नको म्हणाले, अम्मा. मी काय करू?

वेंकटराव: मग तू उठलीस. आधी सायकल उभी केलीस, तिला धरून उभी राहिलीस, पदर झाडलास. कुणी येतं की म्हणून इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी सोळा वर्षं पुढे बघत सायकल चालवत आलो. तू मागे बसलेली. तू पडल्यावर कशी उठतेस, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

सांबशिव: चल, अम्मा, अप्पा म्हणतात तसं एकदा करून बघ. पाय वर, मग हॅन्डल. मी इथंच उभा आहे.

कीर्तना: त्या उंच दगडाजवळ न्या. चढायला तेवढी उंची लागते. हां. सोडा.

वेंकटराव: पाय वर येऊ दे... आता वळव! आता!

सांबशिव: वळली! राव, वळली की!

वेंकटराव: ओरडू नको, ती दचकेल. परत वळू दे. ...हां. परत.

कीर्तना: झालं! सहा फेऱ्या. मामा, ब्रेक लावते, पुढं या.

सांबशिव: आलो. उजवा पाय खाली. शाबास. मी दुकान उघडून येतो, राव, माणसं थांबली असतील. तुम्ही बसा दोघं.

कीर्तना: काल दिवसभर कुठे होतात? अम्मा जेवायची थांबली होती.

वेंकटराव: शिक्षणाच्या कचेरीत. दहापासून चारपर्यंत बाकावर.

कीर्तना: का?

वेंकटराव: अर्ज परत घ्यायला. तिथला क्लार्क नवा मुलगा आहे, मी कुठे नोकरीला होतो त्यास काय ठाऊक! एकदा दिलेला कागद परत मिळत नाही म्हणाला. मीही तीस वर्षं लोकांना हेच सांगितलं. तेव्हा बसून राहिलो. चार वाजता त्यानं फाइल काढली. अजून वर गेला नव्हता अर्ज. परत का पाहिजे ते लिहून द्या, म्हणाला.

कीर्तना: काय लिहिलंत?

वेंकटराव: अर्जातली माहिती चुकीची आहे, म्हणून लिहिलं. काय चुकीचं, म्हणाला. मी लिहिलं, मुलगी सायकल चालवते.

कीर्तना: तेव्हा कुठे चालवत होते? पडतच होते.

वेंकटराव: गुरुवारी दोन फेऱ्या न पडता मारल्या होत्यास. मी पाहिल्या.

कीर्तना: मग गुरुवारीच का नाही गेलात?

वेंकटराव: गुरुवारी गेलो होतो. दारापर्यंत. मग परत आलो.

कीर्तना: मला अजून राग आहे, अप्पा. कागद परत आणलात म्हणून तो लगेच जाणार नाही.

वेंकटराव: असू दे. मी कुठे जा म्हणतोय त्यास?

कीर्तना: हात द्या. कोपर धुवायचंय. नळ तिकडं आहे.

* * *

(सोमवारी सकाळी, फाट्यावर.)

वेंकटराव: बसच्या टपावरून उतरवताना हॅन्डल आपटलं बघ त्यानं. सरळ आहे की?

कीर्तना: सरळ आहे. दोन्ही ब्रेकही बघितले. तो कंडक्टर काय विचारत होता माहीत आहे? 'ही पळनिवेलची की? आज इथं खेळ आहे का?' म्हणून.

वेंकटराव: मज वाटलंच होतं. लोक विचारणार म्हणून. तू काय सांगितलंस?

कीर्तना: आहे म्हटलं. रोज सकाळी सव्वानऊला.

वेंकटराव: हसला की तो?

कीर्तना: आधी हसला. मग क्यालिपरकडे बघितलं. मग म्हणाला, टीचरम्मा, संध्याकाळी मीच असतो गाडीवर, सायकल या चहा-कापीच्या दुकानात ठेवत जा, शेषम्माला मी सांगतो. लोक बघतात, अप्पा. चालत गेले तरी बघतातच. सायकलवर असले तर निदान लवकर पुढं जाईन.

वेंकटराव: डबा घेतलास? पाणी? ऑर्डरचा कागद?

कीर्तना: सगळं पिशवीत आहे.

वेंकटराव: कालव्याच्या बाजूनं नको जाऊ. भाताच्या बाजूनं जा. पडलीस तरी मऊ आहे.

कीर्तना: मऊ चिखलात पडून साडी कशी दिसेल पहिल्या दिवशी? मधून जाईन.

वेंकटराव: समोरून ट्रॅक्टर आला तर?

कीर्तना: थांबेन. उजवा पाय खाली टेकेन. तो गेला की एखादा दगड शोधून परत चढेन. दगड नसला तर ढकलत नेईन. मामांबरोबर सगळं करून बघितलंय.

वेंकटराव: मी इथं शेषम्माच्या दुकानात बसतो. तू येईस्तोवर.

कीर्तना: सात तास?

वेंकटराव: मज काय काम आहे घरी?

कीर्तना: साडेदहाची बस आहे तंजावरला. तिनं जा, अप्पा. तुम्ही इथं बसला आहात हे माहीत असलं तर मी वर्गात सारखी घड्याळ बघेन. पन्नास मुलं आहेत तिसरीत, हेडमास्तरीणबाईंनी पत्रात लिहिलंय. त्यांच्याकडे बघायचंय मला.

वेंकटराव: सरी. सरी, जातो. तो समोरचा ओटा चालेल की चढायला?

कीर्तना: चालेल. तुम्ही फक्त पिशवी द्या, मी बसले की. रबर मी लावते. ...झालं. द्या.

वेंकटराव: घे. संध्याकाळी जेवायला तुझ्यासाठी थांबतो आम्ही.

कीर्तना: थांबू नका. पहिलाच दिवस आहे, किती वाजतील कोण जाणे. अम्माला सांगा, माझं झाकून ठेव म्हणून.